दुसरी आग : बांगडीच्या काचेपासून प्रकाशाच्या स्विचपर्यंत

२०२३ च्या ऑक्टोबरात रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता. तोच फॉरवर्ड गेल्या आठवड्यात पुन्हा फिरून आला. पुरस्काराच्या तीन मानकऱ्यांपैकी एक मोंगी बावेंडी. त्यांचे वडील ट्युनिशियाचे, गणिताचे प्राध्यापक. फॉरवर्डमध्ये एवढीच माहिती असती तर हरकत नव्हती. पण खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की नॅनो टेक्नॉलॉजी आपलीच आहे, हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे होती आणि इतरांनी ती नेली. त्याखाली आमच्या दुल्हाभाईंनी तीन वेळा ‘माशाअल्लाह’ लिहिलं होतं.

याच दुल्हाभाईंच्या घरी एक फॉर्म पडून आहे. माझी भाची फिजिक्समध्ये बीएस्सी झाली. तिला पुढे पदार्थविज्ञानात एमएस्सी करायचं आहे आणि त्यासाठी पुण्याला जावं लागेल. “बीएड कर, शाळेत लागशील,” असं घरचे म्हणतात. फॉर्मवर वडिलांची सही व्हायची आहे.

मी बरीच वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. फॉरवर्डला ग्रुपवर उत्तर देण्यात अर्थ नसतो, हे अनुभवाने कळलं आहे. पण हा विषय डोक्यातून जाईना, कारण त्या नोबेलच्या मुळाशी असलेली गोष्ट काचेची आहे आणि काचेशी आमच्या घराचं जुनं नातं आहे. आम्ही मण्यार. माझे दादा तालुक्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान चालवायचे आणि आठवड्यातून दोन दिवस आसपासच्या गावांत फिरायचे. हिंदू बाया असोत की मुसलमान, त्यांच्या हातात बांगड्या भरण्याचा मान मण्याराचा आणि कासाराचा. बांगडी फुटली असं दादांच्या दुकानात कुणी म्हणत नसे, ‘वाढवली’ म्हणायचं.

दादा माल आणायला फिरोजाबादला जात. तिथल्या भट्ट्या बघून आले की आम्हा पोरांना गोष्टी सांगत. त्यातली एक माझ्या पक्की लक्षात आहे. लाल बांगडीची काच भट्टीतून निघते तेव्हा लाल नसते, फिकट पिवळी असते. ती पुन्हा आगीजवळ नेली की हळूहळू नारिंगी आणि मग लाल होते. दादा म्हणायचे, “पहिली आग काच बनवते बेटा, रंग दुसरी आग देते.”

दादा फार शिकलेले नव्हते. पण त्यांच्या या एका वाक्यात बसरा, फुस्तात, लेनिनग्राड आणि कॅलिफोर्निया इथल्या अकराशे वर्षांच्या कामाचा धागा आहे. तो उलगडून दाखवावा म्हणून हा लेख.

बसऱ्याची भट्टी

फॉरवर्डमध्ये खरं किती, ते आधी पाहू. त्यात काहीच खरं नाही, असं मी म्हणणार नाही.

आठव्या शतकात इजिप्त आणि सीरियातले कारागीर काचेवर चांदी आणि तांब्याच्या क्षारांनी नक्षी काढत आणि ती काच पुन्हा तापवत. त्या नक्षीला पिवळा, तपकिरी किंवा धातूसारखा रंग येई. फुस्तात, म्हणजे जुन्या कैरोत, असा एक काचेचा पेला सापडला आहे. त्यावर अब्दुस्समद इब्न अली याचं नाव आहे. तो इ.स. ७७३ मध्ये थोड्या काळासाठी इजिप्तचा सुभेदार होता.

नवव्या शतकात इराकच्या, मुख्यतः बसऱ्याच्या, कुंभारांनी ही कला मातीच्या भांड्यांवर आणली. भांडं एकदा भाजून त्यावर काचेचा पांढरा लेप चढवायचा. मग चांदी आणि तांब्याचे क्षार गेरूसारख्या मातीत आणि शिरक्यात कालवून त्यावर नक्षी काढायची आणि ते दुसऱ्यांदा भट्टीत घालायचं. ही दुसरी आग मंद हवी आणि तिच्यात धूर कोंडलेला हवा. हवा कमी पडली की धूर क्षारांतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि चांदी-तांब्याचे सुटे अणू काचेच्या थरात एकत्र येऊन बारीक कण बनतात. भांडं बाहेर काढून वरची माती पुसली की खाली सोन्यासारखी झळाळी दिसते, आणि सोनं मात्र त्यात कणभरही नसतं.

आधुनिक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या भांड्यांचे तुकडे ठेवले गेले, तेव्हा त्या थरात चांदीचे आणि तांब्याचे काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंतचे कण दिसले. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाने ठरवून, पुन्हा पुन्हा करता येईल अशा रीतीने बनवलेल्या सर्वांत जुन्या धातू-काच नॅनो-थरांमध्ये या भांड्यांची गणना होते. ट्युनिशियात कैरवानच्या मोठ्या मशिदीच्या मेहराबीभोवती अशा शंभराहून अधिक फरशा नवव्या शतकात बसवल्या गेल्या. त्या आजही तिथे आहेत. म्हणजे ट्युनिशियाचा उल्लेख करायचाच असेल तर बावेंडींच्या आडनावाच्याही आधी या मेहराबीचा करायला हवा.

पण फॉरवर्ड इथेच थोडा खोटा होतो. या कलेचा उगम शोधत आणखी मागे गेलं तर रोमन लोक भेटतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला लायकर्गसचा चषक आहे. बाहेरून उजेड पडला तर तो हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला तर लाल. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे सुमारे ७० नॅनोमीटरचे कण आहेत. तेव्हा ‘पहिले आपणच’ हा दावा टिकत नाही. बसऱ्याच्या उस्तादांचा मोठेपणा वेगळा आहे. रोमन कारागिरांच्या हातून असे थोडेच नमुने घडले, बसऱ्याच्या कुंभारांनी त्याची परंपरा घडवली. ती बसऱ्यातून फुस्तातला गेली, तिथून इराणच्या काशानला, अंदालुसियाच्या मालगाला आणि पुढे इटलीत पोहोचली.

काशानच्या एका नामांकित कुंभार घराण्यातला अबुल कासिम १३०१ मध्ये या कृतीबद्दल लिहून गेला. दुसऱ्या भाजणीसाठी खास भट्टी आणि सुमारे तीन दिवस मंद धूर, असं त्याने सांगितलं आहे. घराण्याबाहेर सहसा न जाणारं हे ज्ञान त्याने कागदावर उतरवलं, हे त्याचे उपकारच. पण असं लिहिणारे फार थोडे होते.

त्याच शहरातला दुसरा माणूस

याच बसऱ्यात इ.स. ९६५ च्या सुमारास इब्न अल-हैथम जन्मला. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात म्हणून वस्तू दिसते, हे जुनं मत त्याने खोडलं आणि वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसतं, हे प्रयोगांच्या आधारे मांडलं. तो फातिमी खलिफा अल-हाकिमच्या काळात कैरोला गेला आणि तिथे १०११ ते १०२१ या दशकात त्याने ‘किताब अल-मनाझिर’ लिहिलं. त्याच्या थोडं आधी, ९८४ च्या सुमारास, इब्न सहलने काचेच्या भिंगात प्रकाश नेमका किती वाकतो, याचं भूमितीतलं नातं वापरलं होतं. युरोपात हाच नियम सतराव्या शतकात स्नेल आणि देकार्त यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे १३०० च्या आसपास कमालुद्दीन अल-फारिसीने पाण्याने भरलेला काचेचा गोल घेऊन इंद्रधनुष्याचं कोडं सोडवलं.

आता एक गोष्ट पाहा. दहाव्या शतकात चकाकीच्या भांड्यांचे उस्ताद बसऱ्याहून फुस्तातला गेले आणि अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इब्न अल-हैथमही बसऱ्याहून कैरोला गेला. काचेत रंग भरणारे हात आणि प्रकाशाचा विचार करणारं डोकं एकाच वाटेने चालत होते. पण एक वाट भट्टीतून जात होती आणि दुसरी ग्रंथालयातून. रंग का येतो, हा प्रश्न भट्टीवाल्याने लिहून ठेवला नाही, आणि ग्रंथालयातल्या माणसाने चिमट्याने भांडं उचलून धूर कमी-जास्त करून पाहिलं नाही. ही फक्त मुसलमानांची उणीव नव्हे. युरोपातही सतराव्या शतकात योहान कुंकेल सोन्याचं लाल काचसामान बनवत होता, तेव्हा तो रंग नक्की कशाचा, हे कुणाला माहीत नव्हतं.

इल्म आणि हुन्नर यांची गाठ पडायला १८५७ साल उजाडावं लागलं. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधण्याच्या दुकानात काम करता करता वाचून शिकलेला. त्याने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तयार केले. पाणी माणकासारखं लाल दिसलं. कणांच्या बारीकपणामुळेच सोन्याचा रंग बदलतो, असं त्याने रॉयल सोसायटीसमोर मांडलं. १९०८ मध्ये गुस्ताव मी याने त्याचं गणित बसवलं. बसऱ्याच्या कुंभाराने जे केलं होतं, त्याचं कारण माणसाला सुमारे हजार वर्षांनी कळलं.

प्रकाशाला प्रकाशाने वळवायचं

इथून गोष्ट रंगाकडून स्विचकडे वळते. आधी स्विच कशाला हवा, ते सांगतो.

तुम्ही हा लेख मोबाइलवर वाचत असाल, तर तो तुमच्यापर्यंत येताना बराचसा प्रवास काचेच्या केसाएवढ्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपात झाला आहे. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालून आलेल्या अशा केबल जमिनीवर येतात. त्यातल्या युरोपकडे जाणाऱ्या केबल अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून इजिप्तच्या भूमीवरून भूमध्य समुद्रात उतरतात. फुस्तात तिथून फार दूर नाही. काचेच्या तंतूतून संदेश दूरवर जाऊ शकेल, हे चार्ल्स काओने १९६६ मध्ये मांडलं आणि १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तसा तंतू बनवून दाखवला.

तंतूत प्रकाश सुसाट धावतो. अडचण चौकात येते. कोणता संदेश पुण्याला जाणार आणि कोणता लंडनला, हे ठरवायच्या ठिकाणी प्रकाशाची वीज करावी लागते, विजेवर निर्णय घ्यावा लागतो आणि मग पुन्हा विजेचा प्रकाश करावा लागतो. महामार्गावर वेगात आलेली गाडी प्रत्येक नाक्यावर थांबवून सामान दुसऱ्या गाडीत भरण्यासारखं हे काम आहे. त्यात वेळ जातो आणि वीजही भरपूर जाते. म्हणून शास्त्रज्ञांचं जुनं स्वप्न आहे, की चौकातही प्रकाशच राहावा आणि एका प्रकाशाने दुसऱ्याची वाट बदलावी.

पण प्रकाशाचा स्वभाव या कामाला सोयीचा नाही. दोन टॉर्चचे झोत एकमेकांवर टाका, ते एकमेकांतून आरपार जातात. विजेत एक इलेक्ट्रॉन दुसऱ्याला ढकलतो, म्हणून ट्रान्झिस्टर बनतो. प्रकाशाचे किरण असे भांडत नाहीत. त्यांना एकमेकांची दखल घ्यायला लावायचं असेल तर मध्ये एखादा पदार्थ हवा, असा की जोराचा प्रकाश पडल्यावर त्याचा गुणधर्म बदलेल आणि त्याच वेळी जाणाऱ्या दुसऱ्या किरणाला तो बदल जाणवेल.

असा पदार्थ असू शकतो, याची पहिली खूण काचेतच मिळाली. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो इथल्या एका अध्यापक विद्यालयात गणित शिकवणाऱ्या जॉन केरने १८७५ मध्ये काचेच्या ठोकळ्याला भोकं पाडली, त्यांत तारा घातल्या आणि विजेचा जोरदार दाब दिला. त्या काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचं वागणं बदललं. हा ‘केर परिणाम’. १९६० मध्ये लेसर आला. त्याचा प्रकाश इतका तीव्र की विजेच्या तारांची गरज उरली नाही, प्रकाशाचं स्वतःचं विद्युतक्षेत्रच काचेचा अपवर्तनांक बदलू लागलं.

मात्र हा बदल फार सूक्ष्म असतो. साध्या सिलिका काचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर एक अब्ज वॉट इतका तीव्र प्रकाश टाकला, तरी तिचा अपवर्तनांक एक कोटीत दोन-तीन भाग एवढाच हलतो. म्हणून प्रश्न उरला, की काचेचा हा हळवेपणा वाढवायचा कसा?

उत्तर लाल बांगडीत होतं.

लेनिनग्राडची काच

लाल आणि पिवळ्या काचेत कॅडमियमची गंधक आणि सेलेनियमबरोबरची संयुगं घालतात. कॅमेऱ्यासमोर लावायच्या रंगीत फिल्टरच्या काचा याच जातीच्या, आणि दादांच्या बांगड्याही. काच पहिल्यांदा वितळते तेव्हा ही संयुगं तिच्यात विरघळलेली असतात. दुसऱ्यांदा तापवल्यावर ती एकत्र येऊन बारीक स्फटिक बनतात. स्फटिक वाढत जातात तसा रंग पिवळ्याकडून लालकडे सरकतो.

सोव्हिएत रशियात लेनिनग्राडच्या वाविलोव्ह ऑप्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सी एकिमोव्ह याच कोड्याच्या मागे होता. एकाच पदार्थाने रंगवलेल्या काचेला, ती कशी तापवली यावरून निराळे रंग कसे येतात? त्याने कॅडमियम बाजूला ठेवून कॉपर क्लोराइड घेतलं. काच ५०० ते ७०० अंशांवर, कधी एक तास तर कधी ९६ तास, तापवली. मग क्ष-किरणांनी आतले स्फटिक मोजले. ते दोन नॅनोमीटरपासून तीस नॅनोमीटरपर्यंत होते. मोठे स्फटिक असलेली काच कॉपर क्लोराइडला साजेसाच प्रकाश शोषत होती. स्फटिक लहान झाले की शोषला जाणारा प्रकाश निळ्याकडे सरकत होता. पदार्थ तोच, बदललं होतं फक्त माप.

कारण असं. इलेक्ट्रॉन ही एक लाट आहे. मोठ्या मैदानात लाट मोकळी असते. तिला इवल्याशा खोलीत कोंडलं की तिची ऊर्जा वाढते आणि ती ठरावीक पायऱ्यांवरच राहू शकते. खोली जितकी लहान, तितक्या पायऱ्या उंच. एकिमोव्ह आणि त्याचे सहकारी ओनुश्चेन्को यांनी हे १९८१ मध्ये सोव्हिएत नियतकालिकात छापलं. पोलादी पडद्यापलीकडे, अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये लुई ब्रसला त्याचा पत्ता नव्हता. त्याने १९८३ मध्ये द्रवात तरंगणाऱ्या कणांत हीच गोष्ट स्वतंत्रपणे दाखवली. बावेंडी ब्रसकडेच काही काळ शिकायला होते. १९९३ मध्ये एमआयटीत त्यांनी हवे त्या मापाचे, जवळपास निर्दोष कण बनवण्याची रीत शोधली. २०२३ चं नोबेल या तिघांचं.

त्याच १९८३ साली कॅलिफोर्नियात, ह्यूजेस संशोधन प्रयोगशाळेत, आर. के. जैन आणि आर. सी. लिंड यांनी बाजारात मिळणाऱ्या रंगीत फिल्टरच्या काचेवर लेसर टाकून पाहिला. प्रकाशाने प्रकाशावर परिणाम करण्याची तिची ताकद साध्या काचेच्या कितीतरी पट निघाली आणि तिचा प्रतिसादही वेगवान होता. आतले छोटे स्फटिक प्रकाश शोषतात, त्यांच्या पायऱ्या भरतात, नव्या प्रकाशाला जागा उरत नाही आणि काचेचा अपवर्तनांक बदलतो. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये सोन्या-चांदीच्या कणांवरही असे प्रयोग झाले. तिथे कणांच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एकसाथ डोलतात आणि कणाभोवतीचं प्रकाशाचं क्षेत्र कित्येक पट वाढवतात. बसऱ्याची चकाकी आणि हा परिणाम एकाच डोलण्यातून येतात.

मग जगभर एकच घाई उडाली. १९८२ मध्येच एस. एम. जेन्सनने स्विचचा एक आराखडा मांडला होता. काचेत प्रकाशाच्या दोन वाटा अगदी शेजारी शेजारी आखायच्या. मंद प्रकाश पाझरत पाझरत शेजारच्या वाटेवर जातो. प्रकाश तीव्र असला की त्याच्या वाटेचा अपवर्तनांक बदलतो, शेजारणीशी तिचा मेळ बिघडतो आणि प्रकाश आपल्याच वाटेवर राहतो. अशा रीतीने प्रकाशच काटा बदलणारा पॉइंट्समन होतो. प्रकाशावर चालणारा संगणक आता आलाच, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं.

जे झालं नाही

तो संगणक आला नाही. फॉरवर्डमध्ये न सापडणारा भाग हाच, आणि माझ्या मते तोच मुलांना सांगण्यासारखा.

पहिली अडचण, जो स्फटिक प्रकाशाला जोरदार प्रतिसाद देतो, तो प्रकाश खातोही. संदेश वाटेतच विझतो आणि काच तापते. दुसरी, लेसरखाली बराच वेळ राहिली की ही काच काळवंडू लागते आणि तिचा गुण बदलतो. तिसरी, काचेतल्या स्फटिकांची मापं सारखी नसतात. काही लहान, काही मोठे, म्हणून परिणाम बोथट होतो. चौथी, शोषण टाळायला प्रकाशाचा रंग बदलला तर दोन-दोन फोटॉन मिळून आत शिरतात आणि नुकसान पुन्हा होतंच. चांगला स्विच म्हणजे नुसता जास्त बदल नव्हे. कमी नुकसानीत, कमी ऊर्जेत, पुरेसा बदल हवा. या कसोटीवर अनेक काचा नापास झाल्या. दरम्यान सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर दर वर्षी लहान आणि स्वस्त होत गेला.

तरी काम वाया गेलं नाही. शिशाच्या सल्फाइडचे क्वांटम डॉट घातलेली काच लेसरच्या आतच स्विच म्हणून उपयोगी पडली. मंद प्रकाश ती अडवते आणि तीव्र प्रकाश सोडते, त्यामुळे लेसरमधून छोटे, जोरकस झोत निघतात. दुसरी वाट चाल्कोजेनाइड काचेची. तिच्यात ऑक्सिजनच्या जागी गंधक किंवा सेलेनियम असतं. तिचा प्रतिसाद सिलिकाच्या शेकडो पट. २००९ मध्ये डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी अशा काचेच्या चिपवर सेकंदाला ६४० गिगाबिट वेगाच्या प्रवाहातून हवा तो भाग प्रकाशानेच वेगळा काढून दाखवला. इतका वेगवान स्विच तपासायला फेम्टोसेकंदाचे लेसर झोत लागतात. तेच साधन वापरून इजिप्तच्या अहमद झुवैल यांनी रासायनिक बंध तुटताना पाहिले आणि १९९९ चं नोबेल मिळवलं.

तिसरी वाट आज जास्त चर्चेत आहे. जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचं एक मिश्रण काचेसारखं विस्कळीत राहू शकतं किंवा स्फटिकासारखं शिस्तीत. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत तेच असायचं. या जातीच्या पदार्थांकडे १९६८ मध्ये जगाचं लक्ष वेधलं स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्कीने, जो कधी कॉलेजात गेला नव्हता. लेथ मशीनवर काम करता करता शिकलेला माणूस! २०१५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी या मिश्रणाचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चिपवरच्या प्रकाशवाटेवर बसवला. प्रकाशाच्या एका झोताने तो विस्कळीत होतो, दुसऱ्याने शिस्तीत येतो, आणि वीज नसतानाही आपली अवस्था लक्षात ठेवतो. म्हणजे इथेही तापवणंच आहे, फक्त ते तासांऐवजी एका सेकंदाच्या अब्जांश भागांत होतं.

मेहराब आणि फॉर्म

आता पुन्हा फॉरवर्डकडे येतो.

वारशाचा अभिमान वाईट नाही. कैरवानची मेहराब पाहून माझीही छाती भरून येईल. पण तो वारसा कुणाचा, हे नीट पाहिलं पाहिजे. तो सुलतानांचा नाही. धुरात डोळे चोळत तीन तीन दिवस भट्टीपाशी बसलेल्या माणसांचा तो आहे, आणि त्यातल्या बहुतेकांची नावंही उरलेली नाहीत. आजही फिरोजाबादच्या भट्ट्यांवर आणि ज्योतींवर तसेच हात राबतात. कॅडमियमची वाफ विषारी असते, त्या उष्णतेत फुप्फुसं आणि डोळे झिजतात. त्यांच्या कौशल्याला आपण ‘इल्म’ म्हणत नाही. ते इल्म वापरून लेनिनग्राडमध्ये कुणी शोध लावला की मात्र त्यात आपला वाटा शोधायला धावतो.

या सगळ्या इतिहासात पुढे गेलेली माणसं पाहिली तर त्यांच्यात धर्म किंवा देश सारखा नाही. एक गोष्ट सारखी आहे. त्यांनी हातात काच घेतली आणि ‘असं का?’ विचारलं. लोहाराचा मुलगा फॅरेडे, अध्यापक विद्यालयातला केर, मशीनवरचा ओव्हशिन्स्की, पडद्याआडचा एकिमोव्ह. भट्टी आणि ग्रंथालय यांच्यामधली भिंत जिथे पडली, तिथे शोध लागला. आपल्याकडे अजून ती भिंत उभी आहे आणि तिच्यात आणखी एक दार बंद आहे, मुलींचं.

पुण्यात पाषाणच्या बाजूला सी-मेट नावाची सरकारी संस्था आहे. इलेक्ट्रॉनिक्सला लागणारे पदार्थ तिथे तयार होतात, आणि क्वांटम डॉट घातलेल्या काचेवरही तिथे काम झालेलं आहे. काच वितळवायची, पुन्हा ठरावीक अंशांवर तापवायची आणि आतले स्फटिक मोजायचे. दादांची लाल बांगडी आणि हे काम यांत तत्त्वाचा फरक नाही. मण्याराच्या पणतीने अशा प्रयोगशाळेत भट्टीचं तापमान लावायला बसावं, यापेक्षा सरळ वारसा मला तरी दुसरा सुचत नाही.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती हसली नाही की खूशही झाली नाही. म्हणाली, “मामू, हे मला नको सांगू. मला माहीत आहे. अब्बांना सांग.”

बरोबर बोलली ती. फॉर्मची शेवटची तारीख अजून नऊ दिवसांवर आहे. हा लेख ग्रुपवर टाकायच्या आधी छापून घेऊन मी रविवारी दुल्हाभाईंकडे जाणार आहे. दादांच्या पेटीतली एक लाल बांगडी माझ्याकडे आहे, तीही सोबत नेईन. त्यांनी तीन वेळा माशाअल्लाह लिहिलं होतं. मला त्यांची एक सही हवी आहे.